वेळास-बाणकोट : कासवे पाहायला जरूर जा, जमीन घेण्यापूर्वी सातबारा वाचा

गिरगाव, डोंगरी, भेंडीबाजार आणि मोहम्मद अली रोडवरील आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी अनेकांचे मूळ कोकणात आहे. ज्यांचे नाही, त्यांनाही अलीकडे कोकणात एखादा तुकडा घ्यावा, चार आंब्यांची झाडे लावावीत आणि म्हातारपणी शांततेत राहावे असे वाटू लागले आहे. ही इच्छा चांगली आहे. मात्र मूळजी जेठा मार्केटमध्ये एक तागा घेताना जो व्यापारी कापड उलगडून पाहतो, पन्हा मोजतो, रंग पक्का आहे की कच्चा हे ओले करून तपासतो, तोच व्यापारी जमीन घेताना एका दुपारी दलालाच्या गाडीतून जाऊन समुद्र पाहतो आणि बयाणा देऊन परत येतो. या विषयाची माहिती एकत्र मिळावी म्हणून रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास आणि त्याला लागून असलेले बाणकोट ही गावे उदाहरणादाखल घेत आहे.

गाव कसे आहे?

सावित्री नदी जिथे अरबी समुद्राला मिळते, तिथे खाडीच्या उत्तरेला रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर व बागमांडला आहे आणि दक्षिणेला बाणकोट. बाणकोटच्या टेकडीवर हिम्मतगड किल्ला आहे. १७५५-५६ च्या सुमारास तो इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि त्यांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. कोकण किनाऱ्यावर इंग्रजांना मिळालेल्या अगदी सुरुवातीच्या ठाण्यांपैकी हे एक. बाणकोटमध्ये कोकणी मुस्लिम वस्ती आहे. तेथून काही किलोमीटरवर वेळास हे नारळ-सुपारीच्या वाड्यांत लपलेले छोटे गाव. पेशवाईतील नाना फडणवीसांचे हे मूळ गाव.

वेळासचे नाव आज सर्वदूर झाले ते समुद्री कासवांमुळे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. साधारण ४५ ते ५५ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. पूर्वी ही अंडी माणसे व कुत्रे-कोल्हे पळवत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास संरक्षणाचे काम सुरू केले. गावकऱ्यांनी साथ दिली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पिल्लांना समुद्रात सोडताना पाहण्यासाठी मुंबई-पुण्याचे लोक येतात.

व्यापारी म्हणून आपण यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. या गावाने मोठी हॉटेले बांधून कमाई केली नाही. गावकऱ्यांनी आपल्याच घरातील खोल्या पाहुण्यांना दिल्या, घरचेच जेवण वाढले. जी अंडी पूर्वी खाल्ली किंवा विकली जात, तीच राखल्यामुळे हंगामात घरोघरी चार पैसे येऊ लागले.

जायचे कसे, राहायचे कुठे?

मुंबई सेंट्रलहून एस.टी.ने मंडणगड गाठावे आणि तेथून वेळासकडे जाणारी गाडी धरावी. स्वतःचे वाहन असेल तर दोन वाटा आहेत. पहिली मुंबई-गोवा महामार्गाने जाऊन आंबेत-म्हाप्रळच्या पुलावरून मंडणगडला. आंबेत म्हणजे माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचे गाव. पूल वाहतुकीला खुला आहे की दुरुस्तीसाठी बंद, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. दुसरी वाट माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर अशी. बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवायची आणि खाडीपलीकडे वेसवीला उतरायचे. पावसाळ्यात दोन्ही वाटा त्रासाच्या.

वेळासमध्ये मुक्काम घरगुती असतो आणि जेवण बहुधा शाकाहारी, त्यामुळे हलाल-हरामचा प्रश्न उद्भवत नाही. नमाजसाठी बाणकोटची मशीद जवळ आहे. अलीकडच्या वर्षांत रमजान आणि कासवांचा हंगाम एकत्र येत आहेत. सहरी-इफ्तारीची व्यवस्था यजमानांना आधीच सांगितली तर ते आनंदाने करतात. किनाऱ्यावर रात्री बॅटरीचा प्रकाश टाकू नये, पिल्लांना हात लावू नये.

आता जमिनीची गोष्ट

पहिला नियम : शेतजमीन कोणालाही घेता येत नाही. १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही, त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही. ज्यांचे किंवा ज्यांच्या वाडवडिलांचे नाव सातबाऱ्यावर आहे, त्यांनी तो उतारा काढून ठेवावा. तोच त्यांचा शेतकरी असल्याचा पुरावा. ज्यांच्या घराण्यात जमीन नव्हती, त्यांना काही दलाल ‘शेतकरी दाखला करून देतो’ असे सांगतात. असा बनावट दाखला घेणे हा फसवणुकीचा गुन्हा तर आहेच, शिवाय व्यवहार बेकायदा ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. शेतकरी नसलेल्यांसाठी सरळ मार्ग म्हणजे गावठाणातील घर किंवा खरोखर बिनशेती झालेला प्लॉट. ‘प्रस्तावित एन.ए.’ या शब्दाला काहीही किंमत नाही. बिनशेतीचा आदेश हातात पाहिजे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी किंवा आठाहून अधिक प्लॉट असलेली आखणी विकली जात असेल तर तिची महारेराकडे नोंदणी आहे का, तेही पाहावे.

आखातात नोकरी करणाऱ्या भावांनी विशेष लक्ष द्यावे. परकीय चलन कायद्याप्रमाणे अनिवासी भारतीयाला शेतजमीन, फार्महाऊस किंवा बागायत विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मिळालेली ठेवता येते. पैसा स्वतःचा आणि नाव भावाचे किंवा मेव्हण्याचे, असा जो प्रकार चालतो, तो कायद्याने धोक्याचा आणि नात्यासाठी त्याहून धोक्याचा.

सातबारा कसा वाचावा?

आता सही असलेला डिजिटल सातबारा महाभूमीवर अवघ्या १५ रुपयांत मिळतो, त्यामुळे तलाठ्याकडे खेटे घालण्याचे निमित्त उरलेले नाही. त्यावर या गोष्टी पाहाव्यात.

भोगवटादार वर्ग १ की वर्ग २? वर्ग २ असेल तर विक्रीवर सरकारी बंधन आहे असे समजावे.

‘इतर अधिकार’ या रकान्यात कुळाचे नाव, बँकेचा बोजा, वाटेचा हक्क किंवा ‘खाजगी वन’ अशी नोंद आहे का? कोकणात खोती पद्धत होती. ती १९४९ च्या कायद्याने गेली, पण खोत आणि कुळे यांच्या जुन्या नोंदी अनेक उताऱ्यांवर अजून आहेत. १९७५ च्या खाजगी वने कायद्याची नोंद असलेल्या जमिनीवर घर तर सोडाच, झाड तोडतानाही अडचण येते.

क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते. एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा, १०८९ चौरस फुटांहून थोडा कमी-जास्त नव्हे, तर साधारण १०७६ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. त्यातील पोटखराबा किती, म्हणजे कातळ आणि नाला किती, हे वेगळे लिहिलेले असते. जागेवर जाऊन भूमी अभिलेख खात्याची सरकारी मोजणी करून घ्यावी. जमिनीपर्यंत जायला कागदावरचा रस्ता आहे का, हेही पाहावे. दुसऱ्याच्या वाडीतून जाणारी पायवाट म्हणजे रस्ता नव्हे.

गावठाणातील घर घेताना घरपट्टीची पावती दाखवली जाते. घरपट्टी कराची पावती आहे, मालकीचा पुरावा नाही.

बहिणींचा हिस्सा

आपल्या समाजातील जमिनीच्या व्यवहारांत सर्वांत मोठा घोटाळा इथेच होतो. कोकणातील एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असणे नवलाचे नाही. एक मुंबईत, एक कुवेतमध्ये, एक दक्षिण आफ्रिकेत. अनेकदा वडील वारल्यावर फक्त मुलांची नावे चढवली जातात आणि मुलींची राहून जातात, किंवा मुद्दाम ठेवली जातात.

शरीअतचा हिसाब स्पष्ट आहे. समजा, एका माणसाच्या मागे पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली आहेत. कर्ज व वसीयत वजा जाता मालमत्तेचे ३२ भाग करा. पत्नीचा आठवा हिस्सा म्हणजे ४ भाग. उरलेल्या २८ पैकी मुलाचे १४ आणि प्रत्येक मुलीचे ७. म्हणजे दोन्ही बहिणींचे मिळून १४ भाग, भावाच्या बरोबरीने. आता भावाने एकट्याने सही करून जमीन विकली तर घेणाऱ्याने नक्की काय विकत घेतले? भावाचा हिस्सा, आणि बाकीच्यासाठी कोर्टाची तारीख.

आमच्या बाजारातील एका व्यापाऱ्याने अशीच एक वाडी घेतली. अकरा वारसांनी सह्या केल्या. बारावी, सर्वांत थोरली बहीण, ‘ती काही मागणार नाही’ असे सांगून वगळली. ती बाई खरोखर मागत नव्हती. तिच्या इंतकालानंतर तिच्या मुलांनी मागितले, आणि त्यांचे बरोबर होते. शेवटी त्या व्यापाऱ्याला तिच्या हिश्श्याची किंमत आजच्या भावाने मोजावी लागली.

म्हणून प्रत्येक वारसाची सही घ्यावी. बहीण आपला हिस्सा खुशीने सोडत असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे, आणि ती खुशी खरोखर तिची आहे की भावांच्या धाकाची, हे घेणाऱ्यानेही पाहावे. हिबा झाल्याचे सांगितले तर देणाऱ्याने जाहीर केले का, घेणाऱ्याने कबूल केले का आणि ताबा दिला का, या तिन्ही गोष्टी विचाराव्यात. परदेशातील वारसाचे कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन आलेले असावे आणि इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लागलेला असावा. कब्रस्तान, दर्गा किंवा मशिदीची वक्फ जमीन कितीही स्वस्त मिळाली तरी हात लावू नये. ती विकण्याचा अधिकार मुतवल्लीला नाही.

समुद्र जवळ, बांधकाम दूर

दलाल ‘सी टच’ म्हणून जास्त भाव सांगतो. वस्तुतः समुद्राला जितके चिकटून, तितके बांधकामाला बंधन. किनारा नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ ची, नंतर २०११ आणि २०१९ ची. २०१९ च्या नियमांप्रमाणे विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटर हे ना-विकास क्षेत्र आहे. खाडीकाठासाठी वेगळे अंतर आहे. कासवांची विणीची जागा तर सर्वांत कडक वर्गात येते, आणि वेळासचा किनारा नेमका तसा आहे. केरळात कोचीजवळ मराडू येथील टोलेजंग इमारती याच नियमांच्या भंगापायी जानेवारी २०२० मध्ये सुरुंग लावून पाडल्या. त्यात घरे घेणारी माणसे तुमच्या-आमच्यासारखीच होती.

निसर्गाचा हिशोबही धरावा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या केल्या. पोफळीला पुन्हा फळ यायला वर्षे लागतात.

पैसा फिरेल की अडकेल?

‘पूल झाला की भाव दुप्पट’ हे वाक्य बाणकोट खाडीच्या दोन्ही काठांना अनेक वर्षे ऐकू येत आहे. बाणकोट-बागमांडला पुलाचे काम सुरू होऊन रखडले. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना अंतुले साहेबांच्या काळापासूनची. हे काम एक दिवस इन्शाअल्लाह पुरे होईल, पण जो भाव आज सांगितला जातो त्यात तो न झालेला पूल आधीच धरलेला असतो.

कापडात गुंतवलेली रक्कम वर्षातून तीन-चार वेळा फिरते. जमिनीतील रक्कम दहा वर्षे बसून राहू शकते आणि गरजेच्या दिवशी गिऱ्हाईक मिळेलच असे नाही. हापूसचे कलम लावल्यावर चांगले उत्पन्न यायला सहा-सात वर्षे जातात. राखण, फवारणी, मजुरी यांचा खर्च पहिल्या दिवसापासून. तेव्हा खेळते भांडवल काढून जमीन घेऊ नये, आणि व्याजाचे कर्ज काढून तर नाहीच. चार भाऊ मिळून भागीदारीत घेत असाल तर कोणाचे किती, उत्पन्न कसे वाटायचे, एकाला बाहेर पडायचे झाल्यास काय, हे लिहून ठेवा. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा व साक्षीदार घेण्याचा आदेश आहे. सख्ख्या भावांतही कागद करणे हा अविश्वास नव्हे.

जकातीचेही ध्यानात ठेवावे. राहण्यासाठी किंवा शेतीसाठी घेतलेल्या जमिनीच्या किमतीवर जकात नाही. विकून नफा मिळवण्याच्या नियतने घेतली असेल तर ती तिजारतीचा माल ठरते आणि दरवर्षी बाजारभावाने अडीच टक्के जकात निघते. आपल्या बाबतीत शंका असल्यास आलिमांना विचारावे.

सारांश, आधी दोन वेगवेगळ्या ऋतूंत गावी जाऊन राहा, एकदा पावसाळ्यात. यजमानांशी, शेजाऱ्यांशी बोला. विहिरीला मे महिन्यात पाणी असते का, ते विचारा. तालुक्याच्या वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्या, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, आणि मग दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदवा. त्यानंतर फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर आपले नाव चढेपर्यंत पाठ सोडू नका. एवढे केल्यावर जमीन घ्यावीशी वाटली तर बिस्मिल्लाह करा. नाही वाटली, तरी समुद्राकडे धावणारी पिल्ले मुलाबाळांना दाखवून आणलीत, हे काही कमी नाही. अल्लाह सर्वांच्या हलाल कमाईत बरकत देवो.