दारातला कोहळा

आमच्या आष्ट्यात नवं घर बांधलं की दारावर शिंक्यात कोहळा टांगतात, दृष्ट लागू नये म्हणून. टीव्हीवर ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनला डोळे-तोंड कोरलेला, आत मेणबत्ती लावलेला भोपळा दिसतो. कामही तेच: वाईटाला दारातूनच परतवायचं.

पण गंमत ऐका. मुळात तो भोपळा नव्हताच! आयर्लंड-स्कॉटलंडात सलगम कोरत. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश माणसं अमेरिकेला गेली. तिथं भोपळा मुबलक, मोठा, कोरायला सोपा. सलगम मागं पडला. अशा एका सलगमाची प्रतिकृती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो चेहरा भोपळ्याहून कितीतरी भेसूर. आपलं लाल डांगरही मूळचं अमेरिकेचंच. कोहळा मात्र आशियातला.

त्याच्या सालीवर राखेसारखं मेण असतं, त्यामुळं तो महिनोन्‌महिने टिकतो. शिवाय बळीच्या जनावराऐवजी कोहळा कापायची रीत जुनी आहे. मला तीच मोठी वाटते. सुरीखालचा एक जीव वाचला. कोल्हापुरात ललितापंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर असुरवधाची आठवण म्हणून कोहळा फोडतात आणि त्याच्या तुकड्यासाठी झुंबड उडते.

दारातला कोहळा सडला, की म्हणायचं, दृष्ट त्यानं घेतली. मग अमावस्येला नवा.