सुटीचे घर आणि त्याचा कारभार

कोलोराडोतील ब्रेकेनरिज येथील आपली सदनिका बर्फावर खेळण्यास येणाऱ्या प्रवाशांना परस्पर भाड्याने देता यावी, एवढ्याच हेतूने डेव्हिड क्लाउस यांनी १९९५ साली ‘व्हीआरबीओ’ हे संकेतस्थळ सुरू केले. पुढे २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘एअरबीएनबी’ निघाले, आणि दूरच्या गावी घर घेऊन त्याचा कारभार मुखत्याराविना स्वतः पाहणे सामान्य नोकरदारालाही शक्य झाले. अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही या व्यवहाराचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविकच आहे. माझा आग्रह एवढाच, की घराच्या सौंदर्यावर भुलण्यापूर्वी त्याचा जमाखर्च आणि त्या गावचे कायदे यांचा अभ्यास व्हावा.

टेनेसीतील गॅटलिनबर्ग आणि पिजन फोर्ज या गावांच्या परिसरात डोंगरउतारांवर लाकडी घरांची दाटी आहे, कारण शेजारच्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात वर्षाला एक कोटीहून अधिक प्रवासी येतात. समजा, अशा एका घरासाठी चार लाख डॉलरांचे कर्ज सात टक्के व्याजाने तीस वर्षांच्या मुदतीवर काढले, तर हप्त्यांपोटी वर्षाला सुमारे ३२ हजार डॉलर जातात. २०० रात्री अडीचशे डॉलरांनी गेल्या, तर उत्पन्न ५० हजार. उरलेल्या १८ हजारांतून मालमत्ता कर, विमा, वीज, संकेतस्थळाचे कमिशन आणि दुरुस्ती भागवायची! वर्ष मंदीचे गेले आणि दीडशेच रात्री भरल्या, तर खिशाला चाट बसल्यावाचून राहत नाही.

कारभाराचा खरा कस लागतो तो एक पाहुणा सकाळी निघून दुसरा दुपारी पोहोचेपर्यंतच्या चार-पाच तासांत. तेवढ्यात चादरी-टॉवेल बदलायचे, अंगणातील गरम पाण्याच्या कुंडाची रासायनिक तपासणी करायची, अस्वले उकिरडा उपसू नयेत म्हणून कचरा मजबूत झाकणाच्या पेटीत बंद करायचा, आणि दाराच्या कुलपाचा सांकेतिक क्रमांक मालकाने शेकडो मैलांवरून बदलायचा. हे सारे ज्या स्थानिक सफाई करणाऱ्या बाईच्या हातावर चालते, तिची मजुरी वेळेवर आणि सढळ हाताने द्यावी. गळका नळ मालकाआधी तिलाच दिसतो. त्याच गावातला एखादा नळकारागीर आणि एखादा वीजतंत्रीही आधीपासून ओळखीचा असावा.

कायदा तर गावागणिक बदलतो. न्यूयॉर्क शहरात सप्टेंबर २०२३ पासून नोंदणीची सक्ती अमलात आली असून, तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी पाहुणे ठेवायचे तर यजमानाने त्याच घरात राहिले पाहिजे आणि पाहुणे दोनच असले पाहिजेत, असा तेथील दंडक आहे. तेव्हा खरेदीखतावर सही करण्यापूर्वी नगरपालिकेच्या दप्तरी परवान्याची चौकशी करावी, आणि घरमालक संघाची नियमावलीही वाचावी. नगरपालिकेने दिलेली मुभा कित्येकदा हा संघ काढून घेतो. संघराज्याच्या प्राप्तिकर कायद्यानुसार राहते घर वर्षातून चौदा किंवा त्याहून कमी दिवस भाड्याने दिले, तर ते उत्पन्न करपात्र ठरत नाही. त्याहून अधिक दिवसांचे भाडे मात्र विवरणपत्रात दाखवावे लागते.

विम्याविषयी विशेष सावधपणे लिहावेसे वाटते. २०१६ च्या नोव्हेंबरात गॅटलिनबर्गच्या डोंगरांत वणवा पेटला. त्यात चौदा माणसे दगावली आणि दोन हजारांहून अधिक इमारती जळाल्या वा त्यांची हानी झाली. राहत्या घराचा साधा विमा भाड्याच्या व्यवहाराला पुष्कळदा लागू पडत नाही. म्हणून अल्पमुदतीच्या भाड्याचा स्पष्ट उल्लेख असलेली पॉलिसीच घ्यावी, आणि तीत आगीबरोबरच पाहुण्याला झालेल्या इजेची जबाबदारी अंतर्भूत आहे की नाही, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.