इंग्रजीच्या तासाला रंगपंचमी

नाशिकमधील मराठी माध्यमाच्या एखाद्या शाळेत सातवीतल्या मुलाला इंग्रजीत होळीवर दहा ओळी लिहावयास सांगाव्यात. होळी हा रंगांचा सण आहे, तो मार्च महिन्यात येतो, होळी पेटल्याच्या दुसऱ्या दिवशी लोक एकमेकांवर रंग उडवतात, आम्ही गोडधोड खातो, मला हा सण फार आवडतो, अशा अर्थाची वाक्ये तो एका दमात उतरवून काढील. व्याकरणाची चूक बहुधा सापडणार नाही. चूक आहे ती निराळीच. नाशिकची परंपरा होळीच्या दुसऱ्या दिवशी रंग खेळण्याची नाही. त्या दिवशी, म्हणजे धूलिवंदनाला, तेथे वीरांची मिरवणूक निघते. घरोघरचे वीर वाजतगाजत गोदावरीवर नेले जातात आणि दाजिबा वीराला पाहण्यासाठी जुन्या गावात गर्दी लोटते. रंग खेळला जातो तो पंचमीला. हे त्या मुलाला मास्तरांपेक्षाही अधिक ठाऊक असते, कदाचित तो स्वतःच मिरवणुकीत नाचलेला असतो. तरीही तो दुसऱ्या दिवशी रंग उडवल्याचे लिहितो, कारण गाईडात तसे छापलेले असते.

इंग्रजीच्या अध्यापनाचा विचार करताना या लहानशा खोटेपणाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. शब्दसंपत्ती किती, उच्चार कसे, पालकांचा ओढा कोणीकडे, यांवर पुष्कळ बोलले जाते. परंतु मूल इंग्रजीत जे लिहिते ते खरे असते काय, हा प्रश्न विचारला जात नाही. मराठीत खोटे बोलल्यावर ज्याचे कान उपटले जातात, त्याच मुलाला इंग्रजीतील खोट्याबद्दल दहापैकी आठ गुण मिळतात. इंग्रजी ही खरे सांगण्याची भाषा नसून उत्तरपत्रिकेची भाषा आहे, असा समज यातून त्याच्या मनात रुजला तर दोष त्याच्याकडे जात नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात काही वर्षे इंग्रजी आठवीपासून शिकवले जाई. पुढे महाराष्ट्रात ते पाचवीपासून आले, आणि रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० सालच्या जूनपासून ते मराठी शाळांतही पहिलीपासून सुरू झाले. त्या निर्णयावर त्या वेळी बरेच रण माजले. निर्णय घेण्यामागची भूमिका मात्र समजण्यासारखी होती: ज्याच्या बापाला इंग्रजी माध्यमाचे शुल्क परवडत नाही त्याच्या मुलाने या भाषेसाठी पाचवीपर्यंत का थांबावे? तेव्हापासून इंग्रजीचे तास वाढले, वर्षे वाढली. मात्र तासाला बोलायचे काय, हा प्रश्न बराचसा जागच्या जागीच राहिला. एके काळी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या पोसल्या. तिच्यात निदान वाक्य स्वतः जुळवावे लागे. पाठ केलेल्या निबंधात तेवढेही कष्ट नाहीत.

यावर सणांचा उपयोग करावा, अशी सूचना अधूनमधून होत असते आणि ती मुळात योग्यच आहे. सण हा मुलाच्या अनुभवाचा सर्वांत भरीव भाग. पण सण वर्गात आणण्याचेही दोन प्रकार आहेत. एक प्रकार बऱ्याच इंग्रजी माध्यमाच्या शाळांत दिसतो. नाताळला लाल टोपी, दिवाळीला रेशमी झब्बा, दहीहंडीला मोरपीस. वर्ग सजतो, छायाचित्रे निघतात, चार वाक्ये सामुदायिकरीत्या म्हटली जातात. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर येथे सण ही उपभोग्य वस्तू होते, आणि तिची किंमत पालक मोजतो. मुलाच्या वाट्याला भाषा किती आली याचा हिशेब कोणी मागत नाही. टोपी विकत मिळते. वाक्य विकत मिळत नाही.

दुसरा प्रकार बिनखर्चाचा, परंतु कष्टाचा आहे. तो समजून घेण्यासाठी नाशिकची रहाडच घ्यावी. जुन्या नाशकात आणि पंचवटीत पेशवेकाळापासून चालत आलेले रंगाचे मोठे हौद आहेत. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा येथील रहाडी प्रसिद्ध आहेत. वर्षभर त्या बुजवलेल्या असतात, वरून रहदारी चालते आणि परक्याला पायाखाली काय आहे याचा पत्ताही लागत नाही. रंगपंचमीपूर्वी त्या उघडतात, साफ करतात, रंग उकळून त्यांत ओततात, पूजा होते, मानाची उडी पडते, आणि मग ज्याला धप्पा मारायचा तो मारतो. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला.

आता ही रहाड इंग्रजीत सांगायची. पहिली अडचण अशी की तिला इंग्रजीत शब्दच नाही. शिक्षकाला ही अडचण वाटेल. खरे तर हीच सोय आहे. शब्द नसल्यामुळे मुलाला वस्तू समजावून द्यावी लागते: 'पीपल कव्हर इट. पीपल ओपन इट वन्स अ इयर. वी जंप इन.' खणणे, झाकणे, उघडणे, भरणे, उकळणे, उडी मारणे अशी सहा-सात क्रियापदे एका दमात हाताशी येतात, तीही अंगाला रंग लागलेली. कोण झाकते हे सांगण्याची गरज नाही, असे लक्षात आले की कर्मणी प्रयोग आपोआप हवासा वाटतो. ज्या प्रयोगावर एरवी फळा भरून जातो आणि मुले जांभया देतात, तो येथे गरज म्हणून शिरतो. शिवाय ऐकणाऱ्याला ही गोष्ट ठाऊक नाही, ती फक्त आपल्याला ठाऊक आहे, ही जाणीव मुलाच्या बोलण्याला बळ देते. गाईडातील होळी सर्वांनाच माहीत असते. ती कोणाला सांगायची आणि कशासाठी?

एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत जो प्रयोग केला, तो बंगलोर प्रकल्प म्हणून जगभरच्या भाषाशिक्षकांना माहीत आहे. मुलाचे चित्त भाषेच्या रूपावर नव्हे तर हातातल्या कामावर, अर्थावर गुंतले असता भाषा अधिक चांगली रुजते, हे त्याचे सूत्र. प्रभूंनी नकाशे, वेळापत्रके अशी कामे दिली होती. नाशिकच्या शिक्षकाला आमंत्रणपत्रिका, वाणसामानाची यादी, रथाच्या मार्गाचा नकाशा ही कामे घरचीच आहेत. नेमक्या सणाच्या दिवशी शाळा बंद असते, ही तक्रारही फारशी खरी नाही. सणाआधीच्या तासाला काय करणार आहोत ते सांगायचे, नंतरच्या तासाला काय केले ते. भविष्यकाळ आणि भूतकाळ यांच्यासाठी याहून चांगली योजना पंचांगाबाहेर सापडणे कठीण.

परंतु येथे एक पेच आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. सण कोणाचा? वर्गात चाळीस मुले असतील तर एकाच सणाच्या चाळीस निरनिराळ्या आठवणी असतात, आणि काहींच्या घरी त्या सुखाच्या नसतात. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच वर्षी ९ एप्रिलला रामाचा रथ ओढण्याच्या हक्कावरून नाशकात संघर्ष पेटला. ज्या घरात ती आठवण जपली जाते, तेथील मुलाने रथोत्सवावर दहा आनंदी ओळी लिहाव्यात असा आग्रह धरणे योग्य ठरेल काय? त्याला १४ एप्रिलविषयी लिहू द्यावे, किंवा त्याच रथाविषयी त्याच्या आजोबांनी सांगितलेले लिहू द्यावे. जुन्या नाशकातील मुलाने ईदेच्या सकाळविषयी, नाशिकरोडच्या मुलाने फेब्रुवारीत भरणाऱ्या बाळ येशूच्या यात्रेविषयी लिहावे. पेठ-सुरगाण्याकडील आश्रमशाळेत तर पुस्तकी दिवाळीचा उपयोग आणखी कमी. शहरात ज्या तिथीला वसुबारस म्हणून गायवासराची पूजा होते, त्याच तिथीला आदिवासी पाड्यांवर वाघबारस असते आणि वाघाला पुजले जाते. त्या मुलाच्या दृष्टीने प्रमाण मराठीही घरची भाषा नव्हे. इंग्रजी तिसऱ्या उंबऱ्यावर उभी असते. त्याने वाघ सोडून पणत्यांवर लिहावे, असे सांगणाऱ्याला भाषाशिक्षक कसे म्हणावे?

शाळेत धर्म आणल्याचा आक्षेप यावर कोणी घेईल. राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाने संपूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षणास मनाई केली आहे, आणि ती असलीच पाहिजे. परंतु पूजा करवणे वेगळे आणि घरी काय झाले ते सांगावयास लावणे वेगळे. किंबहुना एकाच सणाचे वर्गाकडून सामुदायिक गुणगान करून घेण्यापेक्षा प्रत्येकाला आपापले सांगू देणे हे घटनेच्या वृत्तीशी अधिक जुळणारे आहे.

खऱ्या अडचणी दुसरीकडे आहेत. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांत एकाच शिक्षकाकडे दोन वर्ग असतात, आणि त्याचे स्वतःचे इंग्रजीही गाईडावरच पोसलेले असते. चाळीस मुलांनी एकच निबंध लिहिला तर तपासायला अर्धा तास लागतो. चाळीसांनी चाळीस लिहिले तर रविवार जातो. गाईडाची लोकप्रियता मुलांच्या आळसापेक्षा या रविवाराच्या हिशेबावर अधिक टिकून आहे, आणि शिक्षकाला त्याबद्दल बोल लावणे सोपे असले तरी न्याय्य नाही. मग तपासण्याची रीतच बदलावी लागेल: दर आठवड्याला पाच मुलांचेच लेखन बारकाईने पाहावे, इतरांनी ते वर्गात वाचून दाखवावे आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत. प्रश्न इंग्रजीतच हवेत, मोडकेतोडके चालतील.

परीक्षेचे काय? एका उत्तरपत्रिकेत गाईडातील निर्दोष होळी आहे. दुसरीत रंगपंचमी आहे, रहाड आहे, काळाच्या तीन चुका आहेत आणि उडी मारल्यावर नाकात रंग गेल्याचे एक वाक्य आहे, ज्यात क्रियापदच नाही. दुसऱ्या उत्तरपत्रिकेला पहिलीपेक्षा एक तरी गुण जास्त मिळेल, अशी हमी मुख्याध्यापकांनी जूनमध्येच वर्गात उभे राहून द्यावी. मार्चमध्ये देऊन उपयोग नाही. रंगपंचमी येते ती वार्षिक परीक्षेच्या तोंडावर, आणि तोवर गाईडाची पाने पाठ झालेली असतात.