साग तरंगतो, साग बुडतोही

मेळघाटातल्या सेमाडोहला सिपना नदीच्या काठावर सागाचं दाट रान आहे. हे लाकूड पाण्यात टाकलं तर तरंगेल की बुडेल?

● नियम : बुडालेला भाग जेवढं पाणी बाजूला सारतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर वस्तूला वर ढकलतो. हा आर्किमिडीजचा नियम.

● वाळलेला साग : एक घनमीटर पाण्याचं वजन 1000 किलो, तर वाळलेल्या सागाचं साधारण 650 किलो. म्हणून ओंडका तरंगतो. पण त्याचा जवळपास दोन तृतीयांश भाग पाण्याखालीच असतो.

● ओला साग : नुकत्याच तोडलेल्या सागात पाणी भरलेलं असतं. तो बहुधा बुडतो. म्हणूनच ब्रह्मदेशात उभ्या सागाची साल व रसकाष्ठ (सालीखालचं बाहेरचं लाकूड) गोलाकार छेदून झाड जागीच वाळवत, मग ओंडके नदीत सोडत.

● अंजन : या झाडाचा जड गाभा वाळल्यावरही बुडू शकतो.

● मर्म : कोणत्याही लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्याच्या सुमारे दीडपट जड असतात. लाकडाला तारते ती पेशींच्या पोकळीतली हवा.