सीसी किती, यापेक्षा श्वास किती?

‘शंभर सीसीची गाडी एका वेळी शंभर सीसी पेट्रोल पिते का?’ असा प्रश्न एका शाळकरी वाचकाने पाठवला आहे. मला तो फार आवडला, कारण सीसीचा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, पण तो कशाचा हे क्वचितच कुणी विचारतं.

स्प्लेंडरचं जुनं इंजिन घेऊ. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनचा स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर. वृत्तचितीचं सूत्र लावा, ९७.२ सीसी, म्हणजे घन सेंटिमीटर, येतात. पिस्टन खाली येताना मोकळी होणारी ही जागा. ती भरायची असते प्रामुख्याने हवेने.

फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. मिनिटाला ६००० फेरे असतील तर ३००० श्वास, म्हणजे हिशेबाने जवळपास २९२ लिटर हवा. पण एवढी आत जात नाही. समजा ८० टक्के गेली, तर २३३ लिटर. स्वस्थ बसलेल्या पस्तीसएक माणसांना पुरेल इतकी! या ८० टक्क्यांना अभियंते व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी म्हणतात.

उरलेली हवा का शिरत नाही? या वेगाला पिस्टन वरून खाली यायला सेकंदाचा दोनशेवा भाग लागतो. दादरला लोकल थांबते तसंच हे. डब्यात जागा असते, पण दार अरुंद आणि वेळ थोडा. गंमत म्हणजे गाडी हलली तरी मागच्यांच्या रेट्याने आणखी दोघं-तिघं आत ढकलले जातात. हवेलाही असा रेटा असतो. म्हणून पिस्टन पुन्हा वर निघाला तरी हवेचं दार, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, क्षणभर उघडंच ठेवतात.

हा श्वास वाढवण्यात ज्यांनी कमाल केली त्या स्टॅन्ली हूकर यांचं नाव स्पिटफायर विमानाच्या गौरवगाथेत फार मागे राहतं, याची मला खंत वाटते. ते मुळात गणिती. १९३८ मध्ये डर्बीला रोल्स-रॉइसमध्ये आले तेव्हा त्यांना ठरावीक काम नव्हतं. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या सुपरचार्जरच्या चाचण्यांचे अहवाल हाती पडले आणि हवा कुठे अडते, कुठे वाया जाते याचं गणित त्यांनी मांडलं. स्पिटफायरचं मर्लिन इंजिन २७ लिटरचं होतं आणि शेवटपर्यंत तेवढंच राहिलं. पुढे त्यात एकामागे एक दोन टप्प्यांनी हवा दाबून, दाबल्याने तापलेली ती हवा गार करून आत सोडली गेली. १९४२ मध्ये हे सुधारित इंजिन स्पिटफायरला बसलं आणि विरळ हवेतही विमानाला दम मिळाला. चांगल्या इंधनाचाही वाटा होताच, पण सुरुवातीची हजारएक अश्वशक्ती दुसरं महायुद्ध संपेपर्यंत दुपटीच्या घरात गेली. सिलिंडर इंचभरही न वाढवता!

म्हणून नुसत्या सीसीवरून ताकद ठरवणं म्हणजे खोलीच्या मापावरून माणसं मोजणं.

आता आपल्या छोट्या मित्राचं उत्तर. एका श्वासात स्प्लेंडरमध्ये जाते साधारण ९० मिलिग्रॅम हवा. एक ग्रॅम पेट्रोल नीट जाळायला पंधराएक ग्रॅम हवा लागते. म्हणजे शंभर सीसीच्या गाडीचा एक घोट सहाएक मिलिग्रॅमचा. एवढ्याशा घोटांवर ती दोन माणसांना घेऊन घाट चढते.