मखरापासून उद्योगाकडे : गृहसजावटीची हौस आणि तिचा हिशेब

चतुर्थी जवळ आली की गोमंतकातील घरोघरी एक छोटीशी कलाशाळाच भरते. कोणी माटोळीला बांधावयाची रानफळे गोळा करतो, कोणी मखराच्या कमानी कापतो, तर घरातील मुली पडद्यांना किनार लावीत बसतात. दिवाळीच्या सुमारास हेच हात आकाशकंदिलाच्या कामट्या तासू लागतात. हे शिक्षण कोणत्याही विद्यालयात मिळालेले नसते. वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून ते आपोआप अंगवळणी पडलेले असते. मात्र सण सरला की ही कला माळ्यावर जाते आणि पुढील वर्षापर्यंत तिची आठवणही राहत नाही. या हौसेला बारमाही उत्पन्नाचे रूप देता येईल काय, आणि ते द्यावयाचे झाल्यास कोणती पथ्ये पाळावी लागतील, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बदललेली बाजारपेठ

अनेक वर्षे सजावटीच्या बाजारावर थर्मोकोलचे राज्य होते. तो हलका, स्वस्त आणि कापण्यास सोपा. परंतु विसर्जनानंतर तो वर्षानुवर्षे कुजत नाही. केंद्र शासनाने २०२१ साली प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत दुरुस्ती केली. तीनुसार १ जुलै २०२२ पासून ज्या एकवेळ वापराच्या वस्तूंवर देशभर बंदी आली, त्यांत सजावटीच्या थर्मोकोलचाही समावेश आहे. त्यामुळे बांबू, कागद, पुठ्ठा, कापड, काथ्या, करवंटी अशा साहित्याच्या सजावटीला वाव मिळाला. हे सारे साहित्य आपल्या परसात किंवा गावच्या बाजारात मिळते. गोवा व कोकणच्या जुन्या देवळांतील कावी चित्रकलेचे नमुने आपल्यासमोर आहेत. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन आणि तो कोरून काढलेली ती वेलबुट्टी आज तबकांवर, पडद्यांवर व भिंतीवरील चौकटींवर उतरविता येते. प्रदेशाची ओळख सांगणारी वस्तू यात्रेकरू आणि पर्यटक आवडीने घेतो.

कच्च्या मालाची पारख

बांबूच्या बाबतीत २०१७ साली एक महत्त्वाचा बदल झाला. वनक्षेत्राबाहेर वाढलेल्या बांबूला १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आले. त्यामुळे खाजगी जमिनीतील बांबू तोडणे व विकणे पुष्कळ सुकर झाले. तथापि बांबू कोवळा असता कामा नये. साधारण तीन वर्षांचा, पावसाळा संपल्यानंतर तोडलेला बांबू उत्तम. कोवळ्या बांबूत पिठूळ अंश अधिक असतो आणि त्यालाच भुंगा लागतो. तोडलेला बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवणे हा जुना उपाय आहे; टाकणखार व बोरिक आम्ल यांच्या द्रावणात मुरविणे हा अलीकडचा. दोन्ही उपायांनी कीड बरीच आटोक्यात राहते.

आपल्याकडील दुसरी अडचण हवेची. चतुर्थी ऐन पावसाळ्याच्या उत्तरार्धात येते. त्या दिवसांत खळ लवकर वाळत नाही, कागद मऊ पडतो आणि कामट्यांवर बुरशी धरते. म्हणून मखराचे सांगाडे व कमानी वैशाखातच करून कोरड्या जागी ठेवाव्यात आणि पावसाळ्यात केवळ जोडणी व रंगकाम करावे. मखर घडी घालता येईल असे केल्यास ते साठविण्यास व पाठविण्यास सोपे जाते आणि गिऱ्हाइकालाही ते पुढील वर्षी वापरता येते. आकाशकंदिलात तापणाऱ्या जुन्या दिव्याऐवजी कमी उष्णतेचा एलईडी दिवा वापरण्याची सूचना वस्तूसोबत अवश्य द्यावी.

हौस आणि धंदा

हौसेच्या कामात प्रत्येक वस्तू निराळी झाली तरी चालते. किंबहुना तेच तिचे सौंदर्य असते. धंद्यात गिऱ्हाईक नमुना पाहून पन्नास नग सांगते, आणि पन्नासावा नग पहिल्यासारखाच असावा अशी त्याची अपेक्षा असते. यासाठी मापांचे साचे पुठ्ठ्यावर कापून ठेवावेत, रंगांचे प्रमाण वहीत लिहावे आणि प्रारंभी तीन-चारच नमुने निवडून त्यांत हात बसवावा. मोठी मागणी स्वीकारताना नमुना, संख्या, दर आणि तारीख लेखी घ्यावी व निम्मी रक्कम आगाऊ मागावी. असे मागण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. माल आणावयास पैसा लागतोच.

किमतीचे गणित

अनेक गृहोद्योग कलेच्या अभावी नव्हे, तर हिशेबाच्या अभावी बंद पडतात. एक उदाहरण घेऊ. समजा, एका आकाशकंदिलास कामट्या व कागद ६५ रुपयांचे, आणि खळ, दोरा व तार १५ रुपयांची लागली. करणाऱ्या बाईंचा दीड तास गेला; तासाला ६० रुपये धरल्यास मजुरी ९० रुपये झाली. वेष्टनास १२ रुपये आणि वीज, हत्यारांची झीज व जाणे-येणे यांस १० रुपये. एकूण १९२ रुपये झाले. पंचवीस कंदिलांत एक बिघडला, तर त्याचा भार उरलेल्या चोविसांवर पडतो आणि प्रत्येकाचा खरा खर्च २०० रुपये होतो.

आता पुष्कळ घरांत काय घडते? सामानाचे ८० रुपये तेवढे लक्षात राहतात, शेजारीण १२० रुपये देते आणि ४० रुपये सुटले म्हणून समाधान होते. प्रत्यक्षात ८० रुपयांचा तोटा झालेला असतो, आणि तो त्या बाईंच्या श्रमातून भरून निघालेला असतो म्हणूनच तो दिसत नाही. घरातील स्त्रीचा वेळ फुकट आहे असे गृहीत धरणारा हिशेब हा हिशेबच नव्हे.

दुकानातून विकावयाचे असल्यास आणखी एक पायरी येते. दुकानदार विक्रीच्या किमतीवर शेकडा २५ घेतो असे धरू. २०० रुपयांचा कंदील २०० लाच ठेवला, तर हाती १५० येतील. खर्च व ३० रुपये नफा मिळून २३० रुपये हाती यावयाचे असतील, तर दुकानातील किंमत सुमारे ३०७ रुपये ठेवावी लागेल. ती गिऱ्हाइकास जड वाटत असेल, तर वेळ वाचविणारा साचा शोधावा किंवा वस्तू लहान करावी. मजुरी मात्र कापू नये. घरून विकतानाही दुकानापेक्षा फार कमी दर लावू नये, अन्यथा दुकानदार पुन्हा माल ठेवणार नाही.

भांडवल व साहाय्य

सुरुवात घरच्या थोड्या पैशांत करावी आणि विक्रीचा अंदाज आल्यावरच कर्जाचा विचार करावा. ‘उद्यम’ नोंदणी २०२० पासून विनामूल्य होते. तिच्यासाठी मध्यस्थास पैसे देण्याची आवश्यकता नाही. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेतील ‘शिशु’ वर्गात ५० हजार रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. मोठा उद्योग काढू इच्छिणाऱ्यांसाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. त्यात नव्या प्रकल्पास ग्रामीण भागातील महिलांना प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान व ५ टक्के स्वतःचा हिस्सा अशी तरतूद ठेवण्यात आली. सप्टेंबर २०२३ मध्ये आरंभ झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत टोपल्या, चटया व काथ्याचे विणकाम करणारे आणि हार गुंफणारे यांचा समावेश करण्यात आला. त्यांच्यासाठी प्रशिक्षण, हत्यारांकरिता १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि पहिल्या टप्प्यात एक लाख रुपयांचे कर्ज योजिले आहे. प्रत्येक योजनेच्या अटी वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्जापूर्वी बँकेत किंवा उद्योग खात्याच्या कार्यालयात त्या समजून घ्याव्यात. हे कर्ज आहे, बक्षीस नव्हे, हेही विसरू नये.

कराविषयी अकारण धास्ती आढळते. राज्यातल्या राज्यात केवळ वस्तू विकणाऱ्यांची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल, तर गोव्यात सर्वसाधारणपणे वस्तू व सेवा कराची नोंदणी सक्तीची नाही. दुसऱ्या राज्यात माल पाठविताना मात्र नियम निराळे आहेत; ते आधी जाणून घ्यावेत.

विक्रीच्या वाटा

गोवा हस्तकला, ग्रामीण व लघुउद्योग विकास महामंडळाची ‘अपरांत’ ही विक्री केंद्रे, पणजीचा लोकोत्सव, स्वयंसहाय्य गटांसाठी भरणारी सरस प्रदर्शने आणि गावोगावच्या जत्रा या जवळच्या वाटा होत. केवळ सणांवर विसंबून न राहता लग्नमंडपाची तोरणे, बारशाची सजावट, हॉटेलांतील दिव्यांच्या टोपल्या अशी बारमाही कामे मिळवावीत. आठ-दहा जणींचा गट असल्यास एकीने कामट्या तासाव्यात, दुसरीने कागद चिकटवावा, तिसरीने हिशेब ठेवावा. मोठी मागणी त्यामुळेच वेळेवर पुरी होते.

शिक्षकबंधूंना या कामी मोठे साहाय्य करता येईल. शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला मुलांनी कंदील केला, तर त्याची किंमत काढण्याचे गणितही त्यांच्याकडून करवून घ्यावे. ग्रामपंचायतींनी सभागृहातील एखादी कोरडी खोली पावसाळ्यात अशा गटांना वापरण्यास दिली, तर खर्चाविना मोठे काम होईल.

प्रत्येक हौसेचा धंदा झालाच पाहिजे असे नाही. देवाच्या मखराला स्वतःच्या हातांनी लावलेल्या फुलाचे मोल पैशांत होत नाही, आणि ते तसेच राहावे. परंतु ज्या घराला चार पैशांची निकड आहे आणि ज्या हातांत कला आहे, त्यांनी एक साधी वही आणावी आणि पुढील वस्तू करण्यापूर्वी तिच्या पहिल्या पानावर सामानाबरोबर आपल्या तासांचीही नोंद करावी.