बरण्यांचं डिपार्टमेंट

ज्या युनिव्हर्सिटीने मुलगी म्हणून मेडिकलला घेतलं नाही, तिथलीच धूळ खाणारी हृदयं तिच्या हवाली झाली. पुढे काय झालं?

प्रत्येक ऑफिसात एक टेबल असं असतंच, जिथे कुणालाच बसायचं नसतं. जुन्या फायली, बंद पडलेला प्रिंटर, कुणीतरी अर्धवट सोडून गेलेला प्रोजेक्ट. तिथे बदली झाली की कँटीनमध्ये लोक हळहळतात आणि मनातल्या मनात सुटलो म्हणतात.

कॅनडात मॉन्ट्रियलला मॅकगिल ही नामांकित युनिव्हर्सिटी आहे. तिच्या मेडिकल फॅकल्टीत १८९८ साली असंच एक टेबल होतं: म्युझियमचा असिस्टंट क्युरेटर. काम काय, तर काचेच्या बरण्यांत बुडवून ठेवलेली माणसांची हृदयं, फुप्फुसं, हाडं सांभाळायची. पोस्ट मिळाली डॉ. मॉड ॲबट हिला. वय एकोणतीस.

याच मॅकगिलमधून मॉडने १८९० साली बी.ए. केलं होतं, तेही गोल्ड मेडल घेऊन. डॉक्टर व्हायचं म्हणून अर्ज केला, तर उत्तर आलं की मेडिकलला मुलींना घेत नाही. अर्जविनंत्या झाल्या, फॅकल्टी हलली नाही. मग शहरातल्याच बिशप्स कॉलेजमधून ती १८९४ साली डॉक्टर झाली, युरोपात जाऊन पुढचं शिकून आली. आणि नोकरी कुठे? ज्यांनी पुढचं दार लावलं त्यांच्याच घरात, मागच्या खोलीत!

पण ही मागची खोली फालतू नव्हती. एमआरआय, सोनोग्राफी काहीच नसलेल्या त्या काळात शरीराच्या आत नेमकं काय बिघडतं हे बघायचं तर पोस्टमॉर्टेम, आणि नंतर दाखवायचं तर बरणी. बरणी सांभाळणं म्हणजे आजीचं लोणचं फडताळात ठेवणं नव्हे. झाकणाखालून द्रव उडत जातो, पातळी उतरते, वरचा भाग उघडा पडतो. रंग फिका होतो. सगळ्यात वाईट म्हणजे लेबल हरवतं. पेशंटचं वय काय, त्रास काय होता, किती दिवस काढले, सगळं त्या चिठ्ठीबरोबर गेलं. उरतो नुसता मांसाचा गोळा.

मॉडला पहिला धक्का दिला विल्यम ऑस्लर यांनी. हे त्या काळातले डॉक्टरांचे डॉक्टर. पूर्वी मॅकगिलमध्येच होते, तिथल्या कित्येक बरण्या त्यांच्याच पोस्टमॉर्टेममधल्या. ती इतर म्युझियम्स बघायला अमेरिकेत गेली, तेव्हा बाल्टिमोरला त्यांची भेट झाली. तुझ्या हातात केवढी संधी आहे याची तुला कल्पना आहे का, असा त्यांचा सूर होता. (असा सीनियर मिळायला नशीब लागतं, हे कबूल.)

परत आल्यावर ती कपाटं उपसायला लागली. त्यात एक विचित्र हृदय सापडलं. चारऐवजी तीनच कप्पे. कुणाचं, कधीचं, पत्ता नाही. तिने ऑस्लरना पत्र टाकलं आणि धागा लागला. मॅकगिलच्या मेडिकल फॅकल्टीचे पहिले डीन अँड्र्यू होम्स यांनी १८२४ साली त्याचं वर्णन छापलं होतं. म्हणजे पाऊण शतक ते तिथेच होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

तिथून मॉडला जन्मजात हृदयदोषांचं वेडच लागलं. तेव्हा डॉक्टरांच्या लेखी हा 'गंमत म्हणून बघा' असला विषय होता. निळं पडणारं बाळ वाचत नाही, मग वर्गवारी करून करायचं काय? मॉडने केली. एकेक हृदय, एकेक केसपेपर जुळवत बसली. १९०८ साली ऑस्लर यांच्या ग्रंथात तिने या विषयावर प्रकरण लिहिलं, ४०० हून जास्त केसेस तपासून. १९३६ साली तिचा ॲटलस आला तेव्हा आकडा १००० वर गेला होता. मधे १९०७ च्या आगीत मेडिकलची इमारत जळाली, संग्रहाचा मोठा भाग गेला. होम्सचं हृदय बचावलं. घरी मानसिक आजार असलेली बहीण होती, तिचंही सगळं हीच बघायची.

या वर्गवारीवर पुढच्या लोकांनी काम केलं. हेलन टॉसिग ही बालहृदयतज्ज्ञ तिच्याकडून शिकली. १९४४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये टॉसिग, सर्जन आल्फ्रेड ब्लॅलॉक आणि त्यांचे सहकारी व्हिव्हियन थॉमस यांच्या कल्पनेतून निळ्या बाळांवरचं ऑपरेशन उभं राहिलं. मॉड ते बघायला नव्हती. ती १९४० सालीच गेली.

आता अप्रेझलचं बोलू. मॅकगिलने तिला १९१० साली मानद मेडिकल डिग्री दिली. म्हणजे शिकायला घेतलं नाही, पण सन्मान केला! मुलींना मेडिकलचं दार उघडलं १९१८ साली. आणि जगभर नाव झालेली ही बाई १९३६ साली रिटायर झाली तेव्हा पद होतं असिस्टंट प्रोफेसर. मधली दोन वर्षं, १९२३ ते २५, ती फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजला होती. तिथे मात्र पॅथॉलॉजी विभाग तिच्या हाती होता. हो, तेच कॉलेज, जिथून आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. 'काम करत राहा, कंपनी दखल घेतेच' असं कुणी एचआरवाला सांगायला लागला, तर त्याला मॉडचं उदाहरण जरूर ऐकवा.

मेक्सिको सिटीच्या हृदयरोग संस्थेत चित्रकार दिएगो रिव्हेराने जगातल्या थोर हृदयतज्ज्ञांची भित्तिचित्रं रंगवली, त्यात ती आहे. मॅकगिलला जरा उशीर झाला. २०१२ साली म्युझियमला तिचं नाव मिळालं: मॉड ॲबट मेडिकल म्युझियम. मॉन्ट्रियलला मावसभाऊ, मैत्रीण कुणी असेल आणि जाणं झालं, तर युनिव्हर्सिटीत वेळ विचारून एक चक्कर टाका. होम्सचं हृदय तिथेच आहे, आणि आता ते कुणाचं हे विचारावं लागत नाही.